दाराशी समुद्र हवाय, पण चपलांचा ढीग हलत नाहीये

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडक्यात देते. त्या, त्यांचा नवरा आणि ११ वर्षांची मुलगी असं तिघांचं घर. दरवर्षी पाच दिवस समुद्रावर जातात, दर वेळी तेच एक छोटं जुनं घर भाड्याने घेतात आणि त्या पाच दिवसात घरात कोणी कोणावर आवाज चढवत नाही. परत आले की स्वतःच्या घराचं दार उघडल्या उघडल्या चपलांचा ढीग, एकावर एक टांगलेल्या बॅगा, पांढरीफटक ट्यूबलाइट, आणि दहा मिनिटात पहिली कुरबुर. म्हणून त्यांनी ठरवलंय की दारातला पॅसेज (४ फूट रुंद, ७ फूट लांब, खिडकी नाही) बीच स्टाइलने सजवायचा. ऑनलाइन कार्टमधे १४ वस्तू भरून ठेवल्यात: नांगराच्या आकाराचे हुक, दोरखंडाची फ्रेम असलेला आरसा, मासेमारीचं जाळं, वाळवलेले स्टारफिश, 'बीच' लिहिलेली लाकडी पाटी, समुद्राच्या वासाचा डिफ्यूजर, निळे-पांढरे पट्टे असलेला वॉलपेपर वगैरे. नवरा म्हणतो, "समुद्र इथून एका दिवसाच्या प्रवासावर, आपल्या दारात जाळं कशाला? चार दिवस बरं वाटेल, मग धूळ कोण पुसणार?" तीन आठवडे झाले, ऑर्डर तशीच पडून आहे. त्यांचा प्रश्न: घेऊ का नको, आणि नवऱ्याला कसं पटवू?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर थांबले. तुम्ही सहज लिहून गेलायत की त्या भाड्याच्या घरात "दारात काहीच नसतं, एक बाकडं, चार खुंट्या आणि पाय धुवायची बादली, मुलगी आली की बाकड्यावर बसून पायाची वाळू झटकते". बास. म्हणजे जिथे तुम्हाला शांत वाटतं त्या घराच्या दारात ना जाळं आहे ना नांगर ना पाटी, आणि कार्टमधल्या १४ वस्तूंपैकी एकही तिथे नाही. मग या वस्तू आणल्यावर ती शांतता मागोमाग येईल असं कशावरून धरलं आपण? तुम्हाला नाउमेद करायला विचारत नाहीये हे, उलट तुमची इच्छा एकदम खरी आहे आणि मला ती मनापासून पटलीये, दार हीच जागा असते जिथे बाहेरचा दिवस संपतो आणि घर सुरू होतं, तिथे मूड बिघडला की पुढच्या खोल्या कितीही सुंदर ठेवा काही उपयोग नाही. फक्त मला वाटतं तुम्ही ज्याला बीच स्टाइल म्हणताय ती वस्तूंमधे शोधताय, आणि ती आहे वागण्यात.

समुद्राकाठची घरं तशी का दिसतात याचा जरा विचार करा. लोक ओले येतात, पायाला वाळू असते, हातात टॉवेल असतो. म्हणून दाराशी बसायला काहीतरी लागतं, ओलं टांगायला खुंट्या लागतात, जमीन अशी लागते की झाडलं की साफ, आणि लाकूड ऊन-खाऱ्या वाऱ्याने आपोआप फिकं पडतं. कुणीतरी 'लूक' ठरवला आणि घर केलं असं नाहीये ते, कामातून आलेलं रूप आहे. आणि त्या रूपाला समुद्र जवळ असावाच लागतो असंही नाही, कारण बसून चपला काढणं, ओली छत्री टांगणं, पाय पुसणं हे सगळं तुमच्या दारातही रोज होतंच की. तुमच्या घरी त्या जागेला तिचं काम करायला जागाच नाहीये, म्हणून चिडचिड होते.

आता नवऱ्याबद्दल. तुम्ही विचारलंय त्यांना कसं पटवू. माझं म्हणणं, पटवू नका, एक प्रश्न विचारा: "आत आल्यावर पहिल्या दोन मिनिटात तू काय काय करतोस?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. किल्ली कुठे ठेवतात, बॅग कुठे टेकवतात, बूट काढताना भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहतात का, मोबाइल चार्जिंगला कुठे लावतात. त्यांचं "धूळ कोण पुसणार" हे वाक्य तुम्ही विरोध म्हणून घेतलंय, पण मला त्यात ऐकू येतं की आधीच भरलेल्या जागेत अजून १४ गोष्टी येणार या कल्पनेनेच ते थकलेत. हाच प्रश्न मुलीलाही विचारा, ११ वर्षांच्या मुलीकडे दप्तर, बूट, पाण्याची बाटली, खेळाचं काहीतरी असतंच, आणि ते ठेवायला तिच्या उंचीचं काही नसेल तर ती जमिनीवर टाकणारच, त्यात तिची चूक नाही.

मग खरंच काय करायचं ते सांगते, आणि हे ज्यांचा ज्यांचा दारातला पॅसेज अरुंद आणि अंधारा आहे त्या सगळ्यांसाठीच आहे, कारण अशी पत्रं बरीच येतात.

आधी एक आठवडा जागा पूर्ण रिकामी करा. पूर्ण म्हणजे पूर्ण, शू रॅकसुद्धा बाहेर काढा, रोजचे प्रत्येकी एक जोड सोडून बाकी चपला-बूट दुसरीकडे. रिकाम्या पॅसेजमधून सात दिवस ये-जा करा. कुठे हात आपोआप जातो, कुठे काय टेकवावंसं वाटतं ते कळेल, आणि मला खात्री आहे की अर्धा समुद्र तुम्हाला त्या रिकामेपणातच सापडेल, कारण किनाऱ्यावर गेल्यावर पहिल्यांदा जे मोकळं वाटतं ते नजरेला अडवणारं काही नसतं म्हणूनच तर वाटतं.

रंगाचं बोलते, इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. बीच म्हटलं की सगळे गडद निळ्याकडे धावतात. पण किनाऱ्यावर उभं राहून डोळ्यात काय भरतं बघा, वाळू आणि आकाश, निळं पाणी म्हणजे मधला एक पट्टा. आणि वाळू एका रंगाची नसतेच. पुढच्या वेळी गेलात की लाट जिथे येऊन परत जाते तिथे खाली बसा आणि बघा: कोरडी वाळू फिकी, जवळजवळ सायीसारखी, आणि हातभर पुढे ओली वाळू एकदम गडद, भाजलेल्या मातीसारखी. वाळू तीच, कण तेच, फक्त कणांच्या फटीत पाणी भरतं म्हणून आत शिरलेला प्रकाश बाहेर यायच्या आधी जास्त वेळ आतच फिरतो आणि शोषला जातो. लाट मागे गेली की ती गडद रेघ हळूहळू फिकी होत जाते, दोन मिनिटं बघत बसलं तरी कंटाळा येत नाही.

हीच रेघ तुमच्या भिंतीवर आणा. खालचा साधारण ९० सेंटिमीटरचा पट्टा ओल्या वाळूच्या रंगाचा, त्यावर कोरड्या वाळूचा फिका रंग, आणि सीलिंग पांढरं. खालच्या गडद पट्ट्यावर बुटांचे, दप्तराचे, छत्रीचे डाग दिसत नाहीत, आणि तो पट्टा सॅटिन किंवा सेमीग्लॉस (थोडी चमक असलेल्या) पेंटमधे केलात तर ओल्या फडक्याने पुसताही येतो, मॅट पेंट घासलं की चट्टे पडतात. पट्ट्यांचा वॉलपेपर मात्र राहू द्या, ४ फुटी पॅसेजमधे दोन्ही बाजूंनी पट्टे अंगावर येतात.

फिका निळा पण नको का, असं तुम्ही विचाराल. खिडकी नसलेल्या जागेत मी तरी भिंतीला नाही लावणार. ट्यूबऐवजी जो पिवळसर दिवा मी पुढे सुचवणार आहे त्याच्या प्रकाशात निळा भाग मुळातच कमी असतो, त्यामुळे त्याच्याखाली फिका निळा रंग राखाडी नाहीतर हिरवट दिसायला लागतो आणि दुकानातल्या शेडकार्डवरचा रंग हाच का असा प्रश्न पडतो. शुद्ध पांढऱ्याचंही तसंच, पांढरा रंग प्रकाश परत फेकतो, तयार करत नाही, त्यामुळे अंधाऱ्या पॅसेजमधे पांढरी भिंत मळकी वाटते. म्हणून वाळूची किंचित उबदार छटा बरी. निळा हवाच असेल तर दाराच्या आतल्या बाजूला लावा, दार बंद केलं की दिसेल आणि आपण आत आहोत याची जाणीव देईल. आणि प्लीज, थेट भिंतीवर जाऊ नका, दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पॅसेजमधे चिकटवा आणि सकाळी, दुपारी, रात्री लाइट लावून असं दोन दिवस बघा.

लाइट तर बदलाच, बाकी काही नाही केलं तरी हे करा. तुमची ट्यूब बहुतेक ६५०० केल्व्हिनची (केल्व्हिन म्हणजे प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा कमी तसा प्रकाश पिवळसर) असणार, बॉक्सवर 'कूल डेलाइट' लिहिलेलं असतं तीच. तिच्याऐवजी ३००० केल्व्हिनचा दिवा, आणि सीआरआय ९० किंवा जास्त असलेला घ्या, सीआरआय म्हणजे त्या प्रकाशात रंग कितपत खरे दिसतात याचा आकडा, तो कमी असला की माणसांचे चेहरेसुद्धा आजारी दिसतात, आणि दारात एकमेकांचे चेहरेच तर पहिले दिसतात. एकच दिवा मधोमध लावण्यापेक्षा दोन छोटे, एक दाराजवळ आणि एक पॅसेजच्या शेवटी, म्हणजे दार उघडल्यावर नजर आत खेचली जाते. दोरखंडाच्या फ्रेमचा आरसा घ्यायला माझी हरकत नाही, फक्त तो अशा जागी लावा की त्यात दिवा किंवा आतल्या खोलीची खिडकी दिसेल. चपलांसमोर लावलात तर चपला दुप्पट दिसतील. आरशाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, आणि दोरात धूळ अडकते ती व्हॅक्यूमच्या ब्रशने काढायची, नवऱ्याचा प्रश्न तेवढ्यापुरता बरोबर आहे.

खुंट्यांची पट्टी ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. समुद्रावर क्षितिज कायम आपल्या डोळ्यांच्या उंचीवरच दिसतं, बसलात तरी आणि उभे राहिलात तरी. म्हणून भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला, साधारण १५० सेंटिमीटरवर, एका बाजूने पूर्ण लांबीची सरळ फिकी लाकडी पट्टी लावा आणि तिच्यात साध्या गोल खुंट्या. ती आडवी रेघ शांत करते, का ते शब्दात नीट सांगता येणार नाही मला, पण त्या भाड्याच्या घरातल्या चार खुंट्या तुमच्या लक्षात राहिल्या त्यात हेही असेल. खाली १०५-११० वर मुलीसाठी अजून दोन-तीन. माणशी दोन खुंट्या, त्याच्यावर नाही, आणि जादा बॅगा कपाटात. नांगराचे हुक नको म्हणते कारण त्यांच्या टोकांना पिशव्यांचे बंद आणि शर्टाच्या बाह्या अडकतात, रोज सकाळी घाईत ते सोडवत बसावं लागेल.

बाकडं ३० सेंटिमीटर खोलीचं घ्या. तुमचा पॅसेज ४ फूट म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर, त्यातून ३० गेले तर ९० उरतात आणि ९० मधे माणूस हातात पिशव्या घेऊन आरामात जातो. उंची ४५च्या आसपास. वर फळीला फटी असलेलं, खाली उघडं, म्हणजे बुटांना हवा लागते. खाली चपलांसाठी एकच ओळ, तिथे जेवढे मावतील तेवढेच दारात. जुनं लाकडी बाकडं असेल तर पांढरा पेंट आणि पाणी निम्मं-निम्मं करून एक पातळ हात द्या आणि वाळायच्या आत फडक्याने पुसून घ्या, लाकडाच्या रेषा दिसत राहतात आणि ते उन्हात फिकं पडल्यासारखं दिसतं. एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) नको, खाली पाणी लागलं की फुगतं आणि मग परत बसत नाही.

मॅट काथ्याची घ्या, नारळाच्या सोडणाचे ते धागे राठ असतात, तळव्याची माती खरवडून घेतात आणि ओलं सोसतात. ज्यूट दिसायला जास्त सुंदर, पण ओलं झालं की कमजोर होतं, डाग धरतं आणि बुरशीचा वास येतो, ते आतल्या खोलीत ठीक. मॅट एवढी लांब असू दे की दोन्ही पाय तिच्यावर पडूनच माणूस आत येईल, आणि दार तिच्यावरून अडकत नाहीये ना ते घ्यायच्या आधी मोजा.

आता स्टारफिश. हे जरा मनापासून सांगते. बाजारात मिळणारे वाळवलेले स्टारफिश बहुतेक वेळा जिवंत पकडून वाळवलेले असतात, किनाऱ्यावर सापडलेले नसतात. काही वर्षांपूर्वी मी किनाऱ्यावरून एक शंख आणला होता, मुठीएवढा, तपकिरी ठिपक्यांचा, आणि दाराजवळच्या फळीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. उचलून उजेडात धरला तर आत खोलवर दोन वाळलेले लालसर पाय. साधू खेकडा होता तो, ज्याला स्वतःचं कवच पुरत नाही म्हणून रिकामे शंख शोधून त्यात राहतो. तो आत आहे हे न बघता मी त्याचं घर उचलून माझ्या घराच्या दाराशी शोभेला ठेवलं होतं. तेव्हापासून मी शंख आणत नाही, आणि ज्यांना आणायचाच असेल त्यांनी आधी तो पाण्याजवळ थोडा वेळ ठेवून बघावा, काही हललं तर तिथेच सोडावा, आणि त्या किनाऱ्यावरून शंख-वाळू न्यायला मनाई तर नाही ना ते विचारावं, बऱ्याच ठिकाणी असते. प्रवाळ, समुद्री घोडे, नॉटिलस (गुंडाळी असलेल्या कवचाचा समुद्री जीव) या गोष्टी तर दुकानात दिसल्या तरी घेऊ नका, १९७३च्या साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या) करारात त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे आणि ते उगाच नाहीये.

ज्यांच्याकडे आधीपासून शिंपले आहेत त्यांनी ते साध्या पाण्यात रात्रभर भिजवून जुन्या टूथब्रशने घासायचे. व्हिनेगर नाही, शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लात विरघळतो आणि वरची चमक जाते. बरणीत वाळू ठेवायची तर ती आधी दोन-तीन पाण्यातून धुवून कडक वाळवा, नाहीतर तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, काचेला आतून दव धरतं आणि झाकण गंजतं.

ज्यांचं घर खरंच समुद्राजवळ आहे त्यांना एवढंच सांगते, हुक आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे नाहीतर पितळेचे घ्या. ३१६ मधे मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना भिंतीला हात लावता येत नसेल तर लाइट, बाकडं आणि मॅट एवढ्या तीन गोष्टींनीसुद्धा खूप फरक पडतो, खुंट्यांची पट्टी एका उभ्या फळीवर ठोकून ती फळी भिंतीला टेकवून ठेवता येते, फक्त सरकणार नाही अशी.

डिफ्यूजरचं राहिलंच. समुद्राचा खरा वास बऱ्याच अंशी पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमुळे तयार होणाऱ्या एका गंधकयुक्त वायूचा असतो, आणि 'समुद्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या सेंटमधे बऱ्याचदा कॅलोन नावाचं रसायन असतं जे १९६६ मधे प्रयोगशाळेत सापडलं आणि ज्याला कलिंगडासारखा वास आहे. त्याने तुम्हाला तिथली आठवण येईल असं मला वाटत नाही. बूट रोज उघड्यावर वाळले की दारातला निम्मा त्रास तसाच जाईल.

तर कार्टमधून आरसा ठेवा, बाकीच्या १३ वस्तू काढा. आणि हे लक्षात असू द्या की बाकडं आणि खुंट्या लावूनसुद्धा एखाद्या संध्याकाळी दारात वाजेलच, कारण त्या पाच दिवसात तुम्हाला कुठे पोचायची घाई नसते आणि इथे असते. त्याच्यासाठी एकच सुचवते: बाकडं आलं की पहिले काही दिवस जो आधी घरी येईल त्याने नंतर येणाऱ्याला बूट काढून होईपर्यंत काहीही विचारायचं नाही, डबा नाही, अभ्यास नाही, फोन का नाही उचलला नाही. दोन मिनिटं. तिघांनी मिळून ठरवा, एकट्या तुम्ही नियम करू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मुलीने गेल्या वर्षी आरपार भोक असलेला एक करडा दगड आणलाय आणि तो तिच्या ड्रॉवरमधे पडून आहे, "तो काही डेकोरेशनचा नाही". मला तर तुमच्या सगळ्या यादीत तोच हवा होता. पाण्याने किती वर्षं घासून ते भोक पाडलं असेल. तिला विचारा, देते का. दिला तर त्याला बारीक दोरी ओवा आणि घराची किल्ली त्याला बांधा.